जुन्या डिझेल पिकअपचं इंजिन घरीच उघडायचं आहे, सुरुवात कुठून करू?

गाडी थंडीत उशिरा सुरू होत असेल आणि पांढरा धूर सोडत असेल, तर एवढ्यावरून इंजिन उतरवू नका. बऱ्याचदा ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करताना आतली हवा तापवणारे प्लग) गेलेले असतात, नाहीतर डिझेलच्या लाइनमध्ये हवा शिरलेली असते. आधी कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन हवा दाबतो तेव्हा सिलिंडरमध्ये तयार होणारा दाब, मोजा. धडधाकट इंजिनात ते बहुधा २५ ते ३० बार भरतं, पण आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक जास्त बोलतो. निळा धूर आणि ऑइलच्या झाकणातून जोरात फुंकर असेल तर मात्र रिंगा-लायनर (पिस्टनवरच्या कड्या आणि सिलिंडरचं आतलं अस्तर) बघावेच लागतील.

हेड (इंजिनाचा वरचा भाग) काढलंत तर त्याच्या आणि ब्लॉकच्या मधलं गॅस्केट डोळे झाकून आणू नका. बऱ्याच इंजिनांत पिस्टन ब्लॉकच्या किती वर येतो त्यावर गॅस्केटची जाडी ठरते. फ्युएल पंप पंपवाल्याकडेच द्या, त्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे डिझेलचं प्रमाण नेमकं बसवणं, त्यांच्या चाचणी-बेंचवरच होतं. आणि इंजेक्टरच्या फवाऱ्यापुढे हात नकोच, डिझेल कातडीतून आत घुसतं.