बाबांच्या मागचे कागद

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

दिवसकार्य उरकलं की कोणीतरी म्हणेलच, "आता बँकेचं बघून घे." बघ, पण बाबांचं एटीएम कार्ड आता कोणी वापरायचं नाही, पिन घरात सगळ्यांना पाठ असला तरी.

महापालिकेतून मृत्यूच्या दाखल्याच्या आठ-दहा प्रती घे. त्यावरचं नाव आधार, पासबुक, इंडेक्स टू (फ्लॅटच्या नोंदणीचा उतारा) आणि सातबाऱ्याशी अक्षर न् अक्षर ताडून बघ. एकीकडे दत्तात्रय, दुसरीकडे दत्तात्रेय, सातबाऱ्यावर नुसतं दत्तू. महिने अडतात ते इथेच. दाखल्यातली चूक लगेच दुरुस्त करून घे; जुन्या कागदांसाठी 'तिन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र कर.

मग वारस. मृत्युपत्र नसेल तर १९५६च्या हिंदू वारसा कायद्याने बाबांच्या स्वकष्टार्जित मालमत्तेत आई, तू, ताई आणि आजी, चौघांचे सारखे वाटे. आजीला लोक हमखास विसरतात. मृताची आई पहिल्या वर्गातली वारस असते, वडील नसतात. उद्या आजी गेली आणि तिचंही मृत्युपत्र नसलं, तर तिच्या चौथ्या हिश्श्यात काका आणि आत्याही येतील. म्हणून तिची मनापासून इच्छा असेल तर हक्कसोडपत्र ती असतानाच व्हावं. तिला समजावून सांगा, अंगठा उमटवून घेऊ नका.

हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. नोटरीच्या शिक्क्याने फ्लॅट नावावर होत नाही. मोबदल्यात पैसे द्यायचे ठरलं तर मुद्रांक शुल्काचा हिशोब बदलतो, ते आधी वकिलाला सांग.

कोथरूडच्या सोसायटीत नॉमिनी म्हणून तुझं एकट्याचं नाव आहे, त्यावर फार विसंबू नकोस. नॉमिनी मालक होत नाही, वारसांच्या वतीने सांभाळणारा असतो. शेअर्सबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये हेच सांगितलं. मृत्युपत्र सापडलं तर पुण्यात प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचं कोर्टाचं शिक्कामोर्तब, सक्तीचं नाही, तरी वाद दिसत असेल तर घेतलेलं बरं.

बँकेत नॉमिनी असेल तर दाखला, अर्ज, ओळखपत्र एवढ्यावर भागतं. नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या २०२५च्या निर्देशांनुसार १५ लाखांपर्यंत, सहकारी बँकेत ५ लाखांपर्यंत, सक्सेशन सर्टिफिकेटशिवाय (कोर्टाच्या वारसा प्रमाणपत्राशिवाय) दावा चालतो. वारसांचं हमीपत्र मात्र लागतं. त्यापुढच्या रकमेसाठी बँक सर्टिफिकेट मागू शकते, ते शिवाजीनगर कोर्टातून. पण ते सर्टिफिकेट पैसे-शेअर्सपुरतं. फ्लॅटसाठी लागलाच तर १८२७च्या मुंबई रेग्युलेशनखालचा वारस दाखला वेगळा. एकाऐवजी दुसऱ्यासाठी अर्ज केला की फी आणि तारखा दोन्ही फुकट.

मुळशीच्या जमिनीची वारस नोंद तीन महिन्यांत कळवायची असते. ई-हक्क या सरकारी पोर्टलवर किंवा तलाठ्याकडे अर्ज दे. सर्वांना नोटिसा जातात, हरकतींसाठी १५ दिवस असतात, मग मंडल अधिकारी फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावबदलाची नोंद, मंजूर करतो. ताईचं लग्न झालं म्हणून तिचं नाव गाळायचं नाही. गाळलं तर फेरफारच उद्या रद्द होऊ शकतो.

आयकराच्या पोर्टलवर वारस म्हणून नोंदणी करून बाबांचं शेवटचं विवरणपत्र तू भरायचंस. परतावा येईपर्यंत पॅन रद्द करू नकोस. लॉकर राहिलं. ते उघडताना दोन साक्षीदार लागतात, यादी जागेवरच होते. आईला घेऊन जा, आत काय होतं ते तिला ठाऊक असेल.