‘होरस’मधला ‘स’ कुणाचा?

‘गॉड्स ऑफ इजिप्त’ (२०१६) हा चित्रपट पाहून एकांनी विचारलंय: होरस, ओसायरिस, आयसिस, अनुबिस अशी इजिप्तच्या देवांची इतकी नावं ‘स’नेच का संपतात? आणि मराठीत ‘होरस’ लिहावं की ‘होर’?

हा शेवटचा ‘स’ इजिप्तचा नाहीच, ग्रीकांचा आहे. ही नावं आपल्यापर्यंत ग्रीक-लॅटिनमार्गे आली आणि ग्रीकात नाम कर्ता म्हणून आलं की बहुधा ‘ओस’, ‘इस’ असा प्रत्यय लागतो. संस्कृतात ‘रामः’मध्ये दिसणारा विसर्ग आणि या ‘ओस’मधला ‘स’ मुळात एकच. मराठीपर्यंत येताना विसर्ग गळला, ‘राम’ उरला. होरसचा ‘स’ मात्र तसाच चिकटून राहिला.

इजिप्तच्या चित्रलिपीत स्वर लिहीत नसत, त्यामुळे मूळ उच्चार नेमका सांगता येत नाही. पण त्याच भाषेचं शेवटचं रूप असलेल्या कॉप्टिकमध्ये हे नाव ‘होर’ असंच आहे.

याचा मला सर्वांत आवडणारा पुरावा याच चित्रपटात आहे: हाथोर देवी! ‘हूत’ म्हणजे वाडा किंवा देऊळ. हूत-होर म्हणजे होरचं घर. तिचं नाव चित्रलिपीत कसं लिहितात ते जरूर पाहा. घराचा एक उभा चौकोन आणि त्याच्या आत बसलेला ससाणा. तो ससाणा म्हणजेच होर. इथे त्याला ‘स’ लागलेला नाही.

हाच ‘हूत’ ‘इजिप्त’ या शब्दातही लपलाय. मेम्फिस या प्राचीन इजिप्तच्या शहरातल्या प्ताह देवाच्या देवळाचं नाव हूत-का-प्ताह. ग्रीकांनी त्याचं केलं ‘आयगुप्तोस’. तिथला ‘ओस’ पुढे गळून गेला, म्हणून आपण ‘इजिप्त’ म्हणतो.

मग लिहायचं काय? माझं मत ‘होरस’. तेच रुळलंय आणि ‘होर’ लिहिलं तर वाचकाला ओळखू येणार नाही. फक्त ‘हॉरस’ नको. ग्रीकात आणि कॉप्टिकमध्येही तिथे ‘ओ’ आहे. प्रत्यय लावताना नेपोलियनचा तसं होरसचा, होरसला.

आयसिसचं जरा वेगळं आहे. मूळ नाव ‘असेत’च्या जवळचं, म्हणजे तिच्यातला पहिला ‘स’ घरचा, दुसरा ग्रीकांचा. आणि चित्रपटात होरसचे डोळे काढणारा तो सेत देव, त्याचा ‘स’ नावाच्या सुरुवातीलाच आहे, आणि तो अस्सल इजिप्तचा.