ग्लायडरच्या पॅनलला इन्स्ट्रुमेंटची भोकं पाडताना छोटी भोकं आधी, मोठी नंतर

तुम्ही विचारलंय की ग्लायडरसाठी (बिनइंजिनाच्या विमानासाठी) अ‍ॅल्युमिनियमचं नवीन कोरं पॅनल घेतलंय, त्यात ८० मिमीचं एक आणि ५७ मिमीची दोन इन्स्ट्रुमेंटं (वेग, उंची वगैरे दाखवणाऱ्या गोल डायली) बसवायचीत, घरी हँड ड्रिल आणि होलसॉ (ड्रिलला लावायची गोल करवत) आहे, तेवढ्यावर भागेल का. भागेल, पण खरं काम ड्रिल हातात घ्यायच्या आधीचं आहे, आणि माझा एक अख्खा पत्रा त्यातच फुकट गेला म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मी फोंड्याचा, कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत शीट मेटलचं काम करतो, इलेक्ट्रिकल पॅनलच्या दरवाजांना मीटरची भोकं पाडणं हे रोजचंच. त्यामुळे एका मित्राने त्याच्या ग्लायडरचं काम आणलं तेव्हा वाटलं अर्ध्या दिवसात होईल. चवथीच्या आधीचा आठवडा, घाई होती, मी सरळ मोठी भोकं मारली आणि मग कडेचे चार स्क्रू मार्क करायला बसलो तर सेंटरची खूणच होलसॉबरोबर निघून गेलेली, मोजणार कुठून? अंदाजाने केले, एअरस्पीडचे (वेग दाखवणाऱ्या डायलचे) दोन स्क्रू लागले आणि दोन लागेनात, मग भोकं फाइलने लांबट करत गेलो आणि शेवटी डायल तिरकी बसली. मित्र म्हणाला चालेल, पण उडताना त्याने रोज वाकडी सुई बघायची हे मला पटेना, दुसरा पत्रा घेतला.

तेव्हापासून क्रम एकच, आधी सगळी सेंटर पंच करायची (टोकदार पंचाने बारीक खळगा पाडायचा), मग सगळ्या स्क्रूची भोकं ३ मिमीच्या बिटने, मग ती ४.२ किंवा ४.३ ला वाढवायची, आणि मोठं भोक अगदी शेवटी. ५७ म्हणजे सव्वादोन इंच आणि ८० म्हणजे ३ पूर्णांक १/८ इंच, म्हणजे नीट बघितलं तर ७९.४ मिमी. कडेच्या चार स्क्रूंचा चौकोन ५७ वाल्याला साधारण ४७ मिमी आणि ८० वाल्याला साधारण ६३ मिमी बाजूचा येतो, पण या आकड्यांवर पत्रा कापू नका, तुमच्या हातात जो पीस आहे तोच व्हर्नियरने (बारीक माप घ्यायच्या कॅलिपरने) मोजा. टेंप्लेट प्रिंट करणार असाल तर प्रिंटर पान बसवायला स्वतःहून लहान करतो, म्हणून प्रिंटवरचं माप परत मोजा, आणि मग जाड पुठ्ठ्यावर कापून त्यात खरी इन्स्ट्रुमेंटं घालून बघा, आणि तो पुठ्ठा कॉकपिटमध्ये लावून कोणालातरी आत बसवा. गुडघे कुठे लागतात, मागे इन्स्ट्रुमेंटला जाणाऱ्या हवेच्या नळ्या वाकायला जागा आहे का, दोन इन्स्ट्रुमेंटच्या मागच्या बॉड्या एकमेकीला घासतात का, हे सगळं पुठ्ठ्यावरच कळतं आणि पुठ्ठा फुकट आहे. स्क्रूही बघा, युरोपियन इन्स्ट्रुमेंटला बहुतेक एम४ असतात, अमेरिकन असेल तर ६-३२ चा बारीक स्क्रू, त्यात एम४ जबरदस्तीने फिरवला की इन्स्ट्रुमेंटचे आटे गेलेच.

आता कापणं. पॅनल ग्लायडरमधून बाहेर काढूनच, इन्स्ट्रुमेंटं लावलेली असताना कधीही नाही, अ‍ॅल्युमिनियमचा किस नळीत गेला तर व्हेरिओची (चढ-उतार दाखवणाऱ्या डायलची) वाट लागते. नळ्या सोडवताना प्रत्येकीला रंगीत टेप लावा, तोंड बंद करा, आणि तोंडाने फुंकून बघायचा मोह टाळा, त्याने एअरस्पीड खराब होतं. पत्र्याखाली प्लायवूड, दोन्ही क्लॅम्पने घट्ट, पुढच्या बाजूला मास्किंग टेप. होलसॉ हळू फिरवायचा, हँड ड्रिलचा सगळ्यात कमी स्पीड, मधे मधे रॉकेलचे थेंब. फ्लाय कटर (आडव्या दांडीला पातं असलेला, गोल फिरून कापणारा) वापरायचा असेल तर फक्त स्टँडवाल्या ड्रिलवर, हातातल्या ड्रिलवर तो अडकला की मनगट फिरवतो. भोक माप भरेल एवढं कापू नका, थोडं कमी ठेवा आणि अर्धगोल फाइलने वाढवा, फाइलला आधी खडू चोळला की अ‍ॅल्युमिनियम दातात भरत नाही. अल्टिमीटर (उंची दाखवणारी डायल) असेल तर खालच्या कोपऱ्यात नॉबसाठी खाच लागते, ती गोल भोकाच्या नादात लोक विसरतात.

पॅनल कार्बन किंवा फायबरग्लासचं असतं तर वेगळं सांगितलं असतं, तिथे साधा होलसॉ लगेच बोथट होतो, कार्बाइड किंवा डायमंड ग्रिटचा लागतो आणि चांगला मास्क. मांडवीकाठी फायबरच्या होड्या करणारे मिस्तरी आहेत, ते काम त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

आमच्या खारट हवेत उघडं अ‍ॅल्युमिनियम पांढरं पडतं, म्हणून कापलेल्या कडांनाही प्रायमर मारा, पुढच्या बाजूला रंगाआधी तर मारालच. कंपासच्या आसपासचे स्क्रू पितळेचे घ्या, घेताना लोहचुंबक लावून बघा, चिकटला तर नको.

आणि ग्लायडर रजिस्टर झालेलं असेल तर कापायच्या आधी लायसन्सवाल्या इंजिनिअरला लेआउट दाखवा, इन्स्ट्रुमेंट वाढलं की वजनाची नोंदही बदलते. परत बसवल्यावर पिटो आणि स्टॅटिकच्या (इन्स्ट्रुमेंटला बाहेरच्या हवेचा दाब पोचवणाऱ्या) नळ्यांची लीक टेस्ट त्याच्याकडूनच करून घ्या, तोपर्यंत उडवू नका.

तुमचं ८० वालं अल्टिमीटर आहे की एअरस्पीड ते कळवा आणि मागच्या बाजूचा फोटो टाका, खाच कुठे आणि केवढी ते मार्क करून देतो.