शिवणकामाची कात्रणं कोंबड्यांच्या खुराड्यात अंथरली तर चालतात का? उन्हाळ्यात अंडी का कमी होतात?

ताई, धुळ्याकडे परसात दहा गावरान कोंबड्या, ओसरीवर शिलाई मशीन, अंडी वैशाखात निम्म्यावर आलेली आणि कात्रणं वाया जातात म्हणून ती खुराड्यात अंथरायचा विचार, असं तुम्ही लिहिलंय. आधी कात्रणांचं सांगते, कारण त्यांच्यापायीच आमच्याकडची अंड्यावरची कोंबडी गेली.

नाही चालणार. एक चिंधीसुद्धा नाही.

आमच्या थोरल्या जाऊबाईंनी पौषात फॉल-पिकोची कात्रणं टोपलीभर आणून खुराड्यात टाकली, पाखरांना ऊब मिळावी म्हणून. कोंबडी कापड खात नाही, हे त्यांचं म्हणणं खरं होतं. पण कापलेल्या कडेचा दोरा सुटतो, वाऱ्यानं अळीसारखा वळवळतो आणि कोंबडी तो उचलते. तिच्या जिभेवर मागे वळलेले बारीक काटे असतात, त्यामुळे दोरा आत सरकतो, बाहेर येत नाही. ती कोंबडी दाण्यापुढे उभी राहायची, मान ताणायची, चोच उघडायची, पण खायची नाही. जाऊबाई म्हणाल्या, मानमोडी आली. मानमोडी, म्हणजे राणीखेत ही साथ, असती तर हिरवट पातळ हगवण, श्वासाची घरघर दिसली असती आणि एकीमागून एक सगळ्याच बसल्या असत्या. इथे बाकीच्या नऊ ठणठणीत होत्या. गळ्याखालची अन्नाची पिशवी पहाटे चाचपली तर लिंबाएवढी टणक लागली. रात्रभरात दाणा खाली उतरतो, म्हणून पहाटे ती रिकामी आणि मऊ हवी. चौथ्या दिवशी कोंबडी मेली. पिशवी कापली तर आत मोरपंखी दोऱ्याचा गुंडा, त्यात ज्वारीचे दाणे आणि गवताच्या काड्या गच्च विणल्यासारख्या. त्याच आठवड्यात लावलेल्या फॉलचा दोरा होता तो. जाऊबाई आजही मानमोडीच म्हणतात.

चोचीतून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, आतली नाजूक जागा चिरते. चोच उघडून जिभेखाली बघा. जिभेला फास असेल तर बारीक कात्रीनं फास कापा. दोरा खोल गेला असेल तर पशुवैद्यकाकडे न्या. कोंबडीच्या बोटांना गुंडाळलेला दोराही तितकाच वाईट, काही दिवसांत बोट सुजून काळं पडतं. पाय कोमट पाण्यात पाच-दहा मिनिटं धरा, मग दोरा उसवायच्या हुकानं एकेक वेढा तोडा. काम संपलं की ओसरी झाडा, टाचण्या आणि बटणं डब्यात टाका, कात्रणं झाकणाच्या पिंपात. उशीत भरायला ती उत्तम, लांब पट्ट्या गोधडीत जातात.

अंथरायला लाकडाचा कोरडा भुसा किंवा गव्हाचं काड, तीन इंच थर, आठवड्यातून दोनदा खालीवर करायचं. भुईमुगाची टरफलं कडक वाळलेली असतील तरच वापरा, ओलसर राहिली की बुरशी धरतात.

आता अंडी. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ ला टेकतो. कोंबडीला घाम येत नाही, ती धापा टाकून अंग थंड करते. धापांबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड बाहेर जातो, कवचाला लागणारा माल कमी पडतो आणि अंडं कागदासारखं पातळ येतं. त्यात ती खातेही कमी. म्हणून दाणा पहाटे आणि दिवस मावळल्यावर द्या, दुपारी नको. अंड्यावरच्या कोंबडीला रोज १०० ते १२० ग्रॅम खाद्य लागतं. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या वाडग्यात ठेवा, ज्या कोंबडीला हवा ती खाते. पाणी मातीच्या भांड्यात, सावलीत, दिवसातून तीनदा बदलून. पत्र्यावर पऱ्हाटीचा अर्धा फूट थर घाला. ओलं पोतं वाऱ्याच्या बाजूला टांगा, पण फक्त कोरड्या झळा असतात तोवर. रोहिणीनंतर हवा दमट झाली की ओल्या पोत्यानं गुदमरल्यासारखं होतं. सरकीची ढेप स्वस्त मिळते म्हणून घालू नका, तिच्यातल्या द्रव्यानं बलक हिरवट-तपकिरी पडतो.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, ब्लाउजांची गर्दी नेमकी याच दिवसांत येते, म्हणून खुडूक कोंबडी माघात बसवा, दहा-बारा अंड्यांवर. एकवीस दिवसांत पिल्लं निघतात. वैशाखात साठवलेल्या अंड्यातला जीव कोंबडी बसण्याआधीच उबेनं हलतो आणि मरतो.

मशीन खुराड्याच्या भिंतीला लावू नका, पिसांची भुकटी दात्यांत आणि शटलमध्ये बसते. पावसाळ्यात चामडी पट्टा सैल पडतो, तो थोडा कापून पुन्हा जोडावा लागतो. सुती कापड, गोधडी शिवताना बॉबिनची जागा रोज ब्रशनं झाडा, जाड थराला १८ नंबरची सुई लावा. खोबरेल मशीनला कधीच नको. २४ अंशांखाली ते थिजतं आणि धुळ्याच्या थंडीत चाक जागचं हलत नाही. मशीनचं पातळ तेलच घ्या. आणि हिवाळ्यात अंडी घटली तर त्याचं मोठं कारण थंडी नसतं, लहान झालेला दिवस असतो. पहाटे चारपासून उजाडेपर्यंत एक छोटा एलईडी लावा. संध्याकाळी नको, अचानक दिवा गेला की त्यांना दांडीवर चढता येत नाही.

राहिलंच, आमच्यासारखी मेलेली कोंबडी कापून बघायची हौस करू नका. एकाच वेळी दोन-तीन मेल्या तर हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला २००६ मध्ये आणि पुन्हा २०२१ मध्ये बर्ड फ्लू निघाला होता. मानमोडीची लासोटा लस पिल्लांना पहिल्या आठवड्यात पाजा, महिन्याच्या सुमारास पुन्हा.