दालन उघडतंय, पण बातमी कुठे?

प्रश्न : आम्ही चौघं मिळून दृश्यकलेचं दालन सुरू करतोय. निरनिराळ्या संस्कृतींतल्या चित्रकार-छायाचित्रकारांची कामं तिथे असतील. प्रसिद्धिपत्रक सगळीकडे धाडलं, पण कुणी दखलच घेतली नाही. सोबत प्रत जोडली आहे. काय चुकलं?

उत्तर : पत्रक वाचलं. पहिल्याच परिच्छेदात ‘विविधता’ पाच वेळा आणि चित्र एकही नाही! संपादकाला विविधता छापता येत नाही हो, चित्र छापता येतं. माझ्या पहिल्या पत्रकात मी पाहुण्यांची नावं इतकी लांबवली होती की दालनाचा पत्ताच राहून गेला, तेव्हा फार मनाला लावून घेऊ नका.

लंडनमध्ये २००७ साली ‘रिव्हिंग्टन प्लेस’ उघडलं. तेही अशाच बहुसांस्कृतिक दृश्यकलेसाठी. पण सांगायला ठोस गोष्ट होती : १९६८च्या हेवर्ड गॅलरीनंतर तिथे सार्वजनिक पैशातून नव्यानं बांधलेलं हे पहिलंच कलादालन. तुमच्याकडेही ठोस गोष्ट आहे, फक्त ती सातव्या ओळीत दडलीय. जुन्या पासपोर्टच्या पानांवर चित्रं काढणारी ती चित्रकर्ती! तिला वर आणा.

सोबत छापण्याजोगं, ३०० डीपीआयचं (म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके असलेलं) छायाचित्र द्या. खाली कलाकार, शीर्षक, माध्यम, आकार, वर्ष. परक्या नावांचा उच्चार मात्र त्या-त्या कलाकारालाच विचारा, अंदाजानं लिहू नका. मासिकांना दोन-तीन महिने आधी कळवा. दैनिकांना दोन आठवडे पुरतात, आदल्या दिवशी एक फोनही करा.