पडद्यामागचा पांढरा मोती

प्रश्न : माझा मुलगा सात वर्षांचा आहे. डाव्या बाजूने हाक मारली तर तो ओ देत नाही. कान कधी दुखला नाही, वाहिलाही नाही. आता तज्ज्ञांनी पडद्यामागे पांढरी गाठ दिसते असे सांगून सी. टी. स्कॅन करायला सांगितले आहे. हा कर्करोग असेल का? गाठ औषधाने जाईल का? सासूबाई कानात कोमट तेल घालायला सांगतात, ते घालावे का?
– एक आई

उत्तर : तुमच्या वर्णनावरून डॉक्टरांना जन्मजात कोलेस्टिॲटोमाची शंका असावी, तो कर्करोग नव्हे. गर्भावस्थेत मध्यकर्णात राहून गेलेल्या त्वचेच्या पेशी पुढे वाढत राहतात, त्यांच्या सुटणाऱ्या कोंड्याला बाहेर पडायला वाट नसल्यामुळे तो थरावर थर साचतो आणि धडधाकट पडद्याआडून मोत्यासारखा पांढरा दिसतो. ठणका नाही, पू नाही, म्हणून संशयही येत नाही. उशीर झाला म्हणून स्वतःला बोल लावू नका.

मात्र ही गाठ हाड झिजवते. हातोडी, ऐरण आणि रिकीब या तीन इवल्या हाडांची साखळी आवाजाची कंपने आत पोहोचवते. त्यांतली ऐरण बहुधा आधी झिजते आणि साखळी तुटली की ऐकू येणे कमी होते. गाठ तशीच राहिली तर चेहऱ्याची नस, तोल सांभाळणारा आंतरकर्ण आणि क्वचित मेंदूचे आवरणही धोक्यात येते. म्हणून स्कॅन टाळू नका. गाठ कुठवर पसरली आहे आणि कोणती हाडे शाबूत आहेत, हे त्यावरून शस्त्रक्रियेपूर्वीच बऱ्याच अंशी कळते. दोन्ही कानांची ऑडिओमेट्रीही (किती ऐकू येते याची चाचणी) करून घ्या.

औषधाने ही गाठ विरघळत नाही. ती शस्त्रक्रियेने मुळापासून काढावी लागते. झिजलेल्या हाडाच्या जागी कूर्चा (मऊ, लवचीक हाड) किंवा टायटॅनियमचा छोटा भाग बसवता येतो, काही वेळा तो दुसऱ्या टप्प्यात बसवतात. चार पेशी मागे राहिल्या तरी गाठ पुन्हा धरते, म्हणून साधारण वर्षभराने पुन्हा कान उघडून पाहणे किंवा विशिष्ट प्रकारचा एम. आर. आय. करणे गरजेचे ठरते. तसे सांगितले तर पहिली शस्त्रक्रिया फसली असे समजू नका.

तेल मुळीच घालू नका. अखंड पडद्यातून ते गाठीपर्यंत पोहोचत नाही, उलट तपासणीत पडदा नीट दिसत नाही. शस्त्रक्रिया होईपर्यंत, मुलाचा उजवा कान बाईंकडे राहील अशा बाकावर त्याला बसवण्याची विनंती शाळेत आजच करा.