भावाला मोबाईलवर रमीचा नाद लागलाय, डोळे उघडतील असे जुगार-व्यसनावरचे चित्रपट सुचवाल का?

सिनेमानं डोळे उघडतात हे तुम्हाला कुणी सांगितलं? आमच्या अप्पांना ‘पिंजरा’ बघून हमसून रडताना मी बघितलंय. बेळगावात मॅटिनीला परत लागला होता, मी सातवीत. मास्तरला स्वतःच्याच खुनाबद्दल फाशी होते तिथं तर पुढच्या रांगेतली माणसं वळून बघायला लागली. बाहेर आलो. अप्पांनी टॉवेलानं तोंड पुसलं, खिशातलं तिकीट काढलं आणि नंबरातले शेवटचे दोन आकडे ओसीवाल्याकडं लावले. पाच रुपये. आमच्याकडं मटक्याला ओसीच म्हणतात.

आणि जोडी लागली की हो! एकाला नव्वद, म्हणजे साडेचारशे. दुसऱ्या दिवशी घरात किलोभर कुंदा. वडगावात स्वतःच्या दोन मागांवर साड्या विणणारा माणूस, त्यानं आईला दुकानातली साडी आणली. आई साडीपेक्षा पदराचं विणकामच बघत बसलेली. सहा वर्षांत दोन्ही माग गेले, मग तिचं डोरलं.

दादा म्हणतो, अप्पा हरत गेले म्हणून बुडाले. गणपतीला जेवायला बसलो की दरवर्षी हाच वाद. अरे बाबा, त्याआधी दोन वर्षं ते आठ आणे-रुपया लावून हरतच होते की, घर चाललं होतं. घर मोडलं ते जोडी लागल्यावर. मग रोज संध्याकाळी ‘आज एवढंच, मग साकू’, म्हणजे कानडीत बास.

म्हणून नवरा हरतोय, बायको रडतेय असले सिनेमे भावाला दाखवू नका, तो तुमच्याबरोबर रडेल आणि आत जाऊन डाव लावेल. ‘तुंबाड’ दाखवा. त्यातला विनायक शापित हस्तर देवाकडून दरवेळी मुठीत मावतील तेवढ्या मुद्रा घेऊन सुखरूप वर येतो, तिथंच तर तो फसतो. ‘अनकट जेम्स’ही बघा, न्यूयॉर्कच्या एका जवाहिऱ्याचा. त्याची शेवटची पैज लागते, पुढचं सांगत नाही. दारूवर हवा असेल तर ‘सामना’. त्यातला मास्तर दारुडा आहे, पण शुद्धीत असलेल्या गावापेक्षा त्यालाच जास्त टोचतं.

2025 च्या कायद्यानं पैशांची ऑनलाइन रमी बंद झाली म्हणून निर्धास्त राहू नका. ओसी कधी कायद्यात बसत होती? आणि खरं सांगायचं तर रमीचं मला काही कळत नाही, मी ओसीवरून बोलतोय. तुमच्या भावाचं वेगळंही असेल. पण किती गेले ते विचारू नका, पहिल्यांदा कधी जिंकला ते विचारा. तारीख, रक्कम, खाल्लेलं काय, सगळं सांगेल बघा.

जोडी 47 होती. दादा 74 म्हणतो. त्याला ‘पिंजरा’ला नेलंच नव्हतं, तरी भांडतो.